प्वार बघतंय

आमच्या गावात रडण्याचेही रिवाज होते. मयताच्या घरी बाई आली की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच तिचा गळा लागायचा. गेलेल्या माणसाचे गुण सांगत, सूर धरून, एकीच्या गळ्यात दुसरी पडून बाया रडायच्या. पुरुषांनी बाहेर अंगणात नाहीतर समोरच्या पारावर बसायचं. उपरण्यानं डोळे टिपले तर चालायचं, आवाज काढायचा नाही. मग दहाव्यापर्यंत गावात एकच चर्चा, कोण किती रडलं. "थोरली सून लई रडली बगा, धाकटीच्या डोळ्याला टिपूस न्हाई." बाप गेल्यावर एखादा लेक कोरड्या डोळ्यानं सरणाची लाकडं मोजत उभा राहिला, तर तो दगडाच्या काळजाचा ठरायचा. मागची दोन वर्षं त्यानंच बापाचं अंथरूण-पांघरूण काढलेलं असायचं, पण ते कोणी मोजायचं नाही.

दुःख दिसलंच पाहिजे का? जो दाखवत नाही त्याचं दुःख थोडं असतं का? आणि एखाद्यानं ठरवून ते आत ठेवलं, तर त्याला संयम म्हणायचं की लबाडी? शिकल्यासवरल्या माणसांनी यावर ग्रंथ लिहिले असतील. मला या प्रश्नाची गाठ थोडीफार सोडवता आली ती एका सिनेमामुळे, त्यातल्या एका म्हाताऱ्यामुळे.

त्याआधी आमच्या डोळ्यांना कसल्या अभिनयाची सवय होती ते सांगायला पाहिजे. जत्रेला गावातली पोरं नाटक बसवायची. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, फळ्या आणि बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर राजा आपलं राज्य घालवायचा, राणी पोर गमवायची. लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या शेवटच्या माणसाला ते ऐकू गेलं पाहिजे, म्हणून राजा छाती पिटून रडायचा. तमाशाच्या वगातही तेच. पल्ला लांबचा, उजेड कमी, मधे पोरांचा कालवा. तिथं पापणीची हालचाल कोणाला दिसणार? त्यामुळे मोठ्यानं केलेलं काम तेच चांगलं काम, असा आमचा हिशेब झाला होता. त्यात वेडेपणा काही नव्हता. शिवारातल्या माणसाला बांधावरून हाक मारायची तर ओरडावंच लागतं.

सिनेमानं हे अंतरच पुसून टाकलं. माणसाचं तोंड भिंतीएवढं झालं. त्या तोंडावरची बारीक सुरकुती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसायला लागली. आता ओरडायचं कारण उरलं नाही. आपल्या मराठीत हे फार लवकर कळलेल्यांपैकी एक म्हणजे 'संत तुकाराम' करणारे विष्णुपंत पागनीस. 1936 सालचा प्रभातचा तो सिनेमा, दामले-फत्तेलालांनी काढलेला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीस मूळचे संगीत रंगभूमीवरचे, स्त्रीभूमिका केलेले. पण पडद्यावरचा त्यांचा तुकाराम अगदी थोडक्यात बोलतो, थोडक्यात हलतो. संसाराची राखरांगोळी होत असताना तो जणू आपल्या जागी बसून असतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काही करतच नाही. पण डोळे त्याच्यावरून हटत नाहीत.

मी म्हणतो तो सिनेमा मात्र अलीकडचा. 'श्वास'. संदीप सावंत यांचा पहिलाच सिनेमा. 2004 साली तो गावोगाव पोचला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. 'श्यामची आई' नंतर पन्नास वर्षांनी मराठीला तो मान मिळाला होता. भारतातर्फे तो ऑस्करलाही पाठवला गेला, आणि तिकडचा खर्च भागावा म्हणून इथं लोकांनी पैसे गोळा केले. एवढा गाजावाजा झालेला सिनेमा म्हणजे काहीतरी भव्य असणार, अशा समजुतीनं तालुक्याच्या टॉकीजला गर्दी झाली होती. पडद्यावर दिसलं ते काय, तर कोकणातला एक आजोबा आणि त्याचा परशा नावाचा नातू.

गोष्ट चार वाक्यांत संपते. नातवाच्या डोळ्याला काहीतरी झालंय म्हणून आजोबा त्याला शहरात मोठ्या डॉक्टरकडे आणतो. तपासण्या होतात आणि कळतं, डोळ्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर पोरगं वाचेल, पण त्याची दृष्टी कायमची जाईल. आणि डॉक्टर सांगतात, ऑपरेशनच्या आधी हे त्या मुलाला सांगावं लागेल.

अरुण नलावडे यांनी आजोबा केलाय. परशा अश्विन चितळेनं, आणि त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डॉक्टर संदीप कुलकर्णी, आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगणारी दवाखान्यातली बाई अमृता सुभाष. कामं सगळ्यांची चांगली. पण सिनेमाचा भार जातो तो आजोबाच्या खांद्यावर. गोष्टीत मारामारी नाही, खलनायक नाही, कोणी कोणाचा सूड घेत नाही. आजार काही दुष्ट नसतो आणि डॉक्टर तर भलाच माणूस आहे. मग दोन तास माणसं जागेवर खिळून का बसतात? त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात म्हणून.

नलावडे यांचं तोंड काय करतं ते नीट बघावं. खेड्यातला माणूस मोठ्या दवाखान्यात शिरतो तेव्हा तो आधीच अर्धा झालेला असतो. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, कुठला कागद कोणाला दाखवायचा, कोणाला साहेब म्हणायचं, यातच त्याचा जीव घाबरा होतो. त्यात डॉक्टरांचे शब्द डोक्यावरून जाणारे. हा आजोबा ऐकताना मान हलवतो, पण कळलं म्हणून नव्हे, समोरच्याला राग येऊ नये म्हणून. ही मान मी ओळखतो. पीक कर्जाच्या खिडकीपुढं, तलाठ्याच्या टेबलापुढं आमच्याकडची माणसं अशीच हलवतात. आणि जेव्हा खरोखर कळतं, तेव्हा ती हलायची थांबते. मोठा नट इथं काहीतरी करून दाखवेल असं आपल्याला वाटतं. नलावडे फारसं काही करत नाहीत. बातमी आत उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते तिला देतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुंडासं बांधलेला एक म्हातारा बसला होता. मध्यंतरात दिवे लागले तरी तो उठला नाही. शेंगदाण्याची पुडी हातात तशीच. मी सहज म्हणालो, "बाबा, चहा घेऊया का?" तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला रडाया जागाच न्हाई गावली रं."

त्या सिनेमावर पेपरात जे वाचलं त्यापेक्षा हे वाक्य जास्त खरं होतं. दवाखान्यात रडायचं कुठं? व्हरांड्यात माणसं, जिन्यात माणसं, खाटेवर पोरगं. घर असतं तर गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभं राहता आलं असतं. इथं सगळीकडे दुसऱ्याचे डोळे, आणि त्यातले सगळ्यात मोठे दोन डोळे नातवाचे.

सगळी मेख इथं आहे असं मला वाटतं. लहान पोराला दवाखान्यातलं काही कळत नाही. ते कागद वाचत नाही, डॉक्टरांचं बोलणं त्याला उमगत नाही. ते एकच गोष्ट वाचतं, आपल्या माणसाचं तोंड. आज्याचं तोंड बरं असलं की सगळं बरं आहे. आज्याचं तोंड उतरलं की काहीतरी वाईट आहे. परशाला अजून दिसतंय तोवर आजोबाचं तोंड हाच त्याचा रिपोर्ट. म्हणून त्या तोंडाला मोकळं सुटता येत नाही. आजोबाचा संयम हा नटाच्या अंगात आलेला काटकसरीचा गुण वाटत नाही. त्या पात्रावर येऊन पडलेलं ते कामच आहे, पाणी भरण्यासारखं, ओझं उचलण्यासारखं. बघणाऱ्याला ते ओझं दिसतं आणि तो आपणहून खांदा द्यायला लागतो. आजोबा रडत नाही, टॉकीज रडतं.

हे मला तिथल्या तिथं पटलं, कारण असलं तोंड मी आधी एकदा जवळून पाहिलं होतं. 1972 चा दुष्काळ आमच्या भागातल्या माणसांच्या अजून हाडात आहे. विहिरी तळाला गेल्या. बाया-माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची, पोरांना सुकडी. माणसांचं कसंतरी भागत होतं, जनावरांचं काय करायचं? आज्यानं फाल्गुनात थोरला बैल बाजारात नेला. मी हट्टानं बरोबर गेलो होतो. त्या दिवशी बाजारात विकणारेच सगळे, घेणारे फक्त हेडे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला आणि तो किती थोडा होता हे आज्याच्या हातावरून कळलं, कारण तो हात रुमालातून लगेच बाहेर आलाच नाही. घेणारा त्या बैलाला नांगराला जुंपायला नेत नव्हता, हे बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आज्यानं दावं सोडून आपल्या खांद्यावर टाकलं. बैलाच्या वशिंडावरून एकदा हात फिरवला. शेजारच्या वाडीतला एक जण तिथंच गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत होता, त्याचीही जोडी गेली होती. तो आज्याला म्हणाला, "दादा, तुमचं काळीज लई घट्ट." आज्यानं तंबाखूची चिमूट दाढंला धरली, माझ्याकडं नुसती मान केली आणि हळू म्हणाला, "प्वार बघतंय."

परतीच्या वाटेवर त्यानं मला गुडीशेव घेऊन दिली. मग दोन कोस आम्ही चाललो. वाटेत त्यानं मला पाखरांची नावं सांगितली, कुठल्या बांधाची बोर गोड ते सांगितलं, आपल्या लहानपणी ओढ्याला किती पाणी असायचं ते सांगितलं. बैलाचं नाव काढलं नाही. घरी आलो तेव्हा आजी दारातच उभी होती. आज्याच्या खांद्यावरचं दावं बघितलं आणि तिनं असा काही गळा काढला की आळी गोळा झाली. आज्या दावं खुंटीला अडकवून परड्यात निघून गेला.

हा दुसरा मुद्दा मला बऱ्याच वर्षांनी दिसला, आणि तोही सिनेमा बघूनच. गप्प माणसाचं गप्पपण एकट्याच्या जिवावर उभं राहत नाही. त्याच्या वाटणीचं कोणीतरी रडत असतं. 'संत तुकाराम' मध्ये ते काम आवलीचं आहे. गौरी नावाच्या नटीनं ती आवली केली. ती भांडते, विठोबाला शिव्या घालते, पोरांच्या पोटासाठी आकांत करते. तिचा तो कडकडाट आहे म्हणून पागनीसांचा तुकाराम शांत वाटतो, नाहीतर तो थंड वाटला असता. 'श्वास' मध्ये तो आकांत परशाच्या वाट्याला आलाय. पोरगं चिडतं, हातपाय झाडतं, ऐकत नाही. लहानग्या अश्विननं ते इतकं खरं केलंय की आजोबाला आवाज चढवायची गरजच राहत नाही. संयमी कामाचं कौतुक करताना आपण शेजारच्या आवाजाला विसरतो.

घरातही आपण हेच करतो. आज्याला गावानं घट्ट काळजाचा म्हणून मान दिला. आजीला 'रडवी' म्हणाले. पण दोघांचं दुःख ती एकटी बाहेर काढत होती. तिनं ते काढलं नसतं तर आज्या आतून फुटला असता. पुरुषांच्या धीरगंभीरपणाची उधारी अशी बायकांच्या नावावर लिहिलेली असते, आणि ती फेडायची कोणाला आठवण राहत नाही. 'श्वास' मधल्या आजोबाला शहरात ही सोय नाही. घर मागे गावी राहिलंय. दोघांच्या वाटणीचं आवरायचंही त्यानंच आणि सोसायचंही त्यानंच. शेजारचा म्हातारा जागा गावली नाही म्हणाला, त्यात हेही आलं.

आता यातला अवघड भाग. तोंड आवरायचं म्हणजे खरं लपवायचं का?

आमच्याकडं कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'तसला आजार' म्हणतात. भावकीतल्या अण्णांना घशाची गाठ झाली, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की त्यांना काही कळू द्यायचं नाही. साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल. झालं, सगळं घर नाटकाला लागलं. सून हसून पेज द्यायची. लेक पुढच्या सालच्या उसाच्या गोष्टी काढायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण ओसरीवर डोळे पुसून, तोंड हसरं करून आत जायचा. गावात त्या घराची वाहवा झाली, "कसं सांभाळलं बगा म्हाताऱ्याला."

एके दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी अण्णांच्या उशाशी बसलो होतो. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ते म्हणाले, "बापू, मला कळतंय रं समदं. त्यांची तोंडं बगून कळतंय. एवढं ग्वाड कोण बोलतंय का घरात?" मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं म्हणाले, "पर मी इचारलं, तर त्यास्नी तोंड लपवाया जागा ऱ्हाणार न्हाई. म्हणून मीबी हासतोय." म्हणजे घर अण्णांपुढं नाटक करत होतं आणि अण्णा घरापुढं. सगळे संयमी, आणि सगळे एकटे. थोरल्या भावाशी त्यांचा बांधावरून अबोला होता. तो मिटवायचा होता का, कोणाला काही सांगायचं होतं का, ते सारं त्यांच्याबरोबर गेलं.

'श्वास' इथं फार मोलाचं सांगतो. त्यातला डॉक्टर अडून बसतो की मुलाला सांगितल्याशिवाय ऑपरेशन नाही. पहिल्यांदा हे क्रूर वाटतं. सात-आठ वर्षांच्या पोराला सांगायचं, बाबा रे, उद्यापासून तुला दिसणार नाही? न सांगता भूल दिली तर काय बिघडेल? पण विचार करून बघा. भूल उतरल्यावर ते पोर जागं होईल, अंधार बघेल, आणि त्याला कळेल की ज्या आज्याचा हात धरून आपण इथं आलो त्यानंच आपल्याला फसवलं. मग त्या अंधारात तो कोणाचा हात धरेल? डोळे गेले तरी चालवून घेता येतं, भरवसा गेला तर नाही. म्हणून आजोबाला दोन्ही करायचंय. तोंड आवरायचंय आणि खरंही सांगायचंय. अण्णांच्या घरानं पहिलं केलं, दुसरं सोडलं. जे खरं आहे ते लपवण्यासाठी चेहरा आवरला तर त्याला मुखवटा म्हणावं. खरं ज्याला झेलायचंय त्याला ते झेपावं म्हणून चेहरा आवरला, तर त्याला आधार म्हणावं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नलावडे यांच्या कामाची खरी किंमत ही की या दोहोंमधली रेघ ते कुठं बोलून न दाखवता दाखवतात. त्यांचा आजोबा नातवाला खोटं हसून दाखवत नाही. तो फक्त कोसळत नाही.

आणि सगळंच गप्प बसणं थोर असतं असंही नाही. हे सांगितलं नाही तर हा लेख लबाडीचा होईल. 1980 साली गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आला. हिंदी सिनेमा, पण लिहिला आपल्या विजय तेंडुलकरांनी. त्यात ओम पुरी यांनी लहान्या भिकू नावाचा आदिवासी केलाय. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर. त्याचा वकील, म्हणजे नसीरुद्दीन शाह, परत परत त्याला विचारतो, बाबा बोल. लहान्या बोलत नाही. जवळजवळ सगळा सिनेमा तो शब्दावाचून काढतो, नुसते डोळे. अभिनय म्हणून तो नलावडे यांच्या कामाच्या पंक्तीला बसेल. पण ते गप्प बसणं त्यानं कोणासाठी स्वीकारलेलं नाही, ते त्याच्यावर लादलेलं आहे. ज्यांनी त्याच्या बायकोवर अत्याचार करून तिला मारलं ते गावचे बडे लोक. बोलून उपयोग नाही हे तो पिढ्यान्‌पिढ्या शिकलाय. शेवटी बापाच्या अंत्यविधीला त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात आणतात. तिथं त्याच्या बहिणीवर त्याच लोकांची नजर पडलेली त्याला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो, म्हणजे तिच्या वाट्याला तरी ते येऊ नये. आणि मग पहिल्यांदा त्याच्या घशातून आवाज फुटतो.

आमच्या गावातही असे लहान्या होते. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना मान खाली घालून जाणारे, मजुरी बुडवली तरी 'बरं मालक' म्हणणारे. आम्ही त्यांना 'लई शांत माणूस' म्हणायचो. एखाद्याला शांत म्हणण्याआधी त्याला बोलायची मुभा होती का हे विचारलं पाहिजे. आजोबाला रडता आलं असतं, त्यानं ते आवरलं. लहान्याला आवरण्यासारखंसुद्धा काही हातात नव्हतं. पहिल्याचा संयम बघून मान झुकावी, दुसऱ्याचं गप्पपण बघून मान शरमेनं खाली जावी. दोन्हीला एकच शब्द वापरला तर न्याय होत नाही.

मग खरा संयम ओळखायचा कसा? मला 'श्वास' मधल्या एका प्रसंगानं खूण दिली. ऑपरेशन पुढं ढकललं जातं, आणि मधल्या वेळात आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून नाहीसा होतो. गोंधळ उडतो, शोधाशोध होते. डॉक्टरचा संताप होतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरही आहे, कारण हा आजार वाट बघत नाही. इकडे म्हातारा काय करत असतो? पोराला शहर दाखवत हिंडत असतो. डोळे जायच्या आधी जे दिसेल ते दिसून घेऊ दे. रंग, गर्दी, खेळणी, जे समोर येईल ते. कायद्यानं ही चूक, दवाखान्याच्या शिस्तीत ही चूक. पण नातवाला सगळ्यात जास्त कशाची गरज आहे, हे त्या अडाणी माणसाला बरोबर कळलेलं असतं. त्यानं रडणं आवरलं आणि जो वेळ वाचला तो पोराच्या डोळ्यांत भरला.

खूण ही, की तोंड थांबलं तरी हात थांबत नाहीत. ज्याचं तोंडही गप्प आणि हातही गप्प, त्याला काळीज नाही असं म्हणायला हरकत नाही. सरणाची लाकडं मोजणारा तो लेक, गुडीशेव घेऊन देणारा आजा, नातवाला शहर दाखवणारा आजोबा, यांचं दुःख हातांतून वाहत असतं. गाव तोंडं मोजतं, हात मोजत नाही. नटाच्या बाबतीतही आपण हेच करतो. जो पडद्यावर ऊर फोडतो त्याला बक्षीस, आणि जो नुसता पोराचा शर्ट नीट करतो त्याचं काम आपल्या ध्यानातही राहत नाही.

सिनेमाच्या शेवटी ऑपरेशन होतं आणि आजा-नातू गावाकडं परततात. परशाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. लोक म्हणतात शेवट गोड केला. मला त्यात वेगळंच काही दिसतं. आता पोराला आजोबाचं तोंड दिसत नाही. इतके दिवस जे तोंड त्यानं दाव्यासारखं घट्ट धरून ठेवलं होतं, ते आता सैल सोडलं तरी चालेल. नातवाच्या शेजारी बसून डोळ्यांतून पाणी गाळलं तरी त्याला कळणार नाही. पण पोरं हुशार असतात. तोंड वाचता येईनासं झालं की ती आवाज वाचायला लागतात, आणि आवाजही दिला नाही तर श्वास ऐकतात. म्हणजे आजोबाचं काम संपलेलं नाही. नातू होडीतून उतरून घराच्या वाटेला लागेल, ठेच लागेल, हाक मारेल, आणि म्हाताऱ्याला दर वेळी एक श्वास आत घेऊन, तो सावरून, मगच 'ओ' द्यावी लागेल.